दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप

जळोचीत घर घेतलं तेव्हा बिल्डरनं दाराला साधी कडी आणि कोयंडा बसवून दिला होता. त्यात एक पितळी कुलूप अडकवायचं आणि कामाला जायचं, एवढीच आमची सुरक्षा. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर आणि मी बारामतीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, रक्त काढायला आणि तपासायला. आमच्या ओळीत सहा घरं. मागं उसाचं रान. सकाळी सगळे आपापल्या गाड्यांवर निघून गेले की ओळीत चिटपाखरू राहायचं नाही.

मग मागच्या ओळीत चोरी झाली. घरातले सगळे काटेवाडीला लग्नाला गेले होते आणि भर दुपारी कुणीतरी पहारीनं कोयंडा उचकटला. संध्याकाळी मी बघायला गेले. त्या घरातल्या बाई रडत नव्हत्या. कपाटातून फेकलेल्या साड्या मांडीवर घेऊन त्या एकेकीची घडी घालत होत्या. घातलेली घडी परत मोडत होत्या आणि परत घालत होत्या. घरी आले आणि आमच्या कोयंड्याला हात लावून पाहिला. चार स्क्रूंवर तो उभा होता.

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या होत्या. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या कडेला त्यांचं गाव. सासरे गेल्यावर वर्षभर त्या तिथं एकट्याच राहिल्या. नवऱ्यानं बऱ्याच विनवण्या केल्या, तेव्हा एक ट्रंक आणि देवाचा डबा घेऊन आल्या. गावात त्यांच्या दाराला दिवसा कधी कडी लागली नव्हती. इथं आल्यावर त्या दार उघडं टाकून मागच्या रानात जाऊन बसायच्या. उसाला पाणी द्यायला येणाऱ्या माणसाशी गप्पा मारायच्या. मी आले की पंखा सुरू, दार सताड उघडं आणि घरात कुणी नाही. मी ओरडायची नाही, पण माझं तोंड बघून त्या म्हणायच्या, "आगं, हितंच तर व्हते."

चोरीनंतर आम्ही घराचा विमा काढायचं ठरवलं. नवऱ्याच्या ओळखीतला एक एजंट रविवारी घरी आला. टेबलावर कागद पसरून त्यानं समजावून सांगितलं. घरफोडीचे पैसे हवे असतील तर दार फोडल्याची खूण दिसली पाहिजे. दार उघडं राहिलं, किल्ली दाराला राहिली, तर कंपनी हात वर करणार. आणि कुलूप चांगलं, मार्क असलेलं हवं, बिल जपून ठेवायचं.

"दिवसा घरी कोण असतं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नसतं," मी म्हणाले. "आम्ही दोघंही नोकरीला. घर बंदच असतं."

हे मी बोलले तेव्हा सासूबाई त्याच्यासमोर चहाचा कप ठेवत होत्या. त्यांनी कप ठेवला, बशी नीट सरळ केली आणि आत गेल्या. एजंटानंही काही विचारलं नाही. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या डोक्यात घर बंद असणं म्हणजे आम्ही दोघं बाहेर असणं, एवढंच होतं.

कुलूप घ्यायला आम्ही भिगवण रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. मी आधी फोनवर दोन-तीन रात्री वाचून गेले होते. मी अशीच आहे. मिक्सर घ्यायचा तरी पंधरा जणांचं मत घेते. दुकानदारानं काउंटरवर कुलपं मांडली. मी प्रत्येकाच्या खोक्यावर आयएसआयचा मार्क आहे का ते बघितलं, आतला दांडा दारातून किती बाहेर येतो ते बोटानं मोजलं, ड्रिलनं भोक पडू नये म्हणून आत पोलादाची पट्टी आहे का ते विचारलं. नवरा कंटाळून बाहेर उभा राहिला. शेवटी दोन कुलपं उरली. एकाला बाहेरून किल्ली आणि आतून फिरवायची मूठ. दुसऱ्याला बाहेरूनही किल्ली, आतूनही किल्ली.

"दाराशेजारी खिडकी आहे का?" दुकानदारानं विचारलं.

"आहे, अगदी लागून."

"मग काच फोडून, गजातून सळई घालून मूठ फिरवतात. दोन्हीकडून किल्लीचं न्या. आत शिरला तरी टीव्ही घेऊन दारातून बाहेर पडता येणार नाही."

नवरा आत येऊन म्हणाला, "पण आई असते ना घरी."

"त्यांना देऊ की एक किल्ली," मी म्हणाले.

आणि मी खरंच दिली. तीन किल्ल्या आल्या होत्या. एक माझी, एक नवऱ्याची, तिसरी लाल दोऱ्यात ओवून सासूबाईंच्या हातात ठेवली. सुतारानं कुलूप बसवलं, खिडकीला मी आणखी दाट नक्षीची जाळी बसवून घेतली. किल्ली फिरवली की आत दांडा खट्कन सरकायचा. तो आवाज ऐकून मला फार बरं वाटायचं.

पंधरा-वीस दिवस नीट गेले. मग एक दिवस मी घरी आले, तर दाराच्या बाहेरच्या भोकात किल्ली लटकत होती. लाल दोरा वाऱ्यानं हलत होता. सासूबाई आत झोपल्या होत्या. दुपारी कोथिंबीर घ्यायला बाहेर गेल्या, परत येताना दार उघडलं आणि किल्ली तशीच विसरल्या. कुणीही यावं, किल्ली फिरवावी, आत यावं. एक म्हातारी एकटी झोपलेली. एजंटाचं बोलणंही आठवलं. खोटं कशाला बोलू, तेही त्याच क्षणी आठवलं.

मी किल्ली काढून माझ्या पर्समध्ये टाकली. रात्री नवऱ्याला म्हणाले, "आपण जाताना बाहेरून लावून जाऊ. त्यांच्या जिवाला घोर नाही, आपल्यालाही नाही."

"आई कोंडून राहील का?"

"कोंडून कसलं? घरातच तर असतात. काही लागलं तर फोन आहे."

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. सकाळी मी दार ओढताना त्या सोफ्यावर बसून बघत होत्या. मी म्हणाले, "आई, डब्यात पोळ्या आहेत, भाजी गरम आहे. गॅस नका पेटवू." त्या म्हणाल्या, "बरं. जा तू, उशीर व्हईल."

गॅस नका पेटवू, असं मी का म्हणाले ते मला ठाऊक होतं. आत काही पेटलं तर बाहेर यायला वाट नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात आल्यावर मी कुलपाचा विचार करायला हवा होता. मी चहावर बंदी घातली.

त्यांनी तक्रार केली नाही. फोन मात्र खूप करायच्या. दूधवाला आलाय, पिशवी जाळीतून येत न्हाय, काय करू? टाकीचं पाणी वाहतंय. पोपट आलाय मागच्या शेवग्यावर. पोपटाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक लहान मूल सुई बघून किंचाळत होतं. मी "नंतर करते" म्हणून फोन ठेवला. असं बऱ्याचदा व्हायचं. पुढं पुढं मी त्यांचा फोन वाजला की नुसता कट करायला लागले. घरी गेल्यावर विचारू, असं म्हणायचं आणि घरी गेल्यावर विसरायचं.

थंडीचे दिवस होते. एका मंगळवारी लॅबमध्ये एका कंपनीच्या कामगारांची तपासणी होती. माणसांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. जेवणाच्या आधी सासूबाईंचा फोन आला, मी कट केला. परत आला, परत कट केला. मग फोन ड्रॉवरमध्ये टाकला. नवऱ्याचा फोन कामाच्या वेळी गेटवर जमा असतो, त्यामुळं तिकडं काही प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी घरी आले. गाडी लावली आणि दारापाशी गेले तर उंबऱ्यावर एक नारळ. मोठा, शेंडीचा. त्याला कुंकू लावलेलं, भोवती तांदूळ सांडलेले, उंबऱ्यावरही कुंकवाची पाच बोटं. अमावस्या जवळ आली होती.

मी विज्ञान शिकलेली बाई. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून पेशी बघते. उतारा, करणी यावर माझा विश्वास नाही, असं मी कुणालाही सांगते. पण दारात कुंकू लावलेला नारळ बघून मी त्याला हात लावला नाही. कोपऱ्यातला खराटा घेतला, सुपलीत नारळ ढकलला, मागच्या रानात उसाच्या चारीला पाणी सुटलं होतं त्यात नेऊन टाकला. नारळ एकदा बुडाला, वर आला आणि पाण्याबरोबर उसात गेला. परत येऊन नळाची नळी लावून उंबरा धुतला. कुणाचं आमच्या घरावर वाकडं आलंय याचा विचार करत दार उघडलं.

सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. माझ्याकडं वळल्या. चेहरा नेहमीपेक्षा उजळ दिसत होता.

"आक्का आली व्हती," त्या म्हणाल्या.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. इंदापूरच्या पलीकडं, आपल्या मुलाच्या मळ्यात राहतात. आमच्या वास्तुशांतीला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून त्यांना येता आलं नव्हतं. तेव्हापासून म्हणत होत्या, एकदा घर बघायला येते.

"कधी? कुठं आहेत?"

"गेली की. चारच्या गाडीनं."

"गेल्या? आणि..." मी दाराकडं बघितलं.

"आतनं किल्ली कुठं व्हती माझ्याकडं? तुला दोनदा फोन केला. तू कामात असशील."

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून सोफ्यावर बसले. सासूबाईंनी सगळं सांगितलं, आणि त्या ते हसून सांगत होत्या, हे मला जास्त लागलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, म्हणून आक्का एकट्याच निघाल्या. नातवानं इंदापूरच्या स्टँडवर गाडीत बसवलं. बारामतीला उतरून रिक्षावाल्याला चिठ्ठीवरचा पत्ता दाखवला. नऊवारी नेसलेली, हातात काठी आणि पिशवी, अशी ती बाई बहिणीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आगं, उघड की."

"म्या म्हणलं, आक्का, कुलूप हाय. ती म्हणली, मग काढ. म्या म्हणलं, बाहीरनं हाय. ती म्हणली, बाहीर तर म्या हाय, मला न्हाय दिसत. आमी दोघी इतक्या हसलो!"

मग आक्का पायरीवर बसल्या आणि सासूबाईंनी खिडकीपाशी खुर्ची ओढली. मी बसवलेल्या जाळीतून त्यांना एकमेकींचे चेहरे तुकड्यातुकड्यानं दिसत होते. सासूबाईंनी गॅस पेटवून चहा केला. कप जाळीतून जाईना. पेला जाईना. शेवटी खोकल्याच्या औषधाची काचेची रिकामी बाटली गरम पाण्यानं धुतली, तिच्यात चहा ओतला आणि बाटली आडवी करून बाहेर दिली. पोळीला भाजी लावून सुरळी केली आणि ती दिली.

"घर दावलं तिला," सासूबाई म्हणाल्या. "म्या आत हिंडले आन् सांगितलं. ह्यो टीव्ही, ह्यो फ्रीज, हितं देव. तिनं डोळं बारीक करून बघितलं. म्हणली, चांगलं हाय गं, उजेड लई हाय."

मी विचारलं, "शेजारी कुणी नव्हतं?"

"कोण असतंय दुपारचं?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला मोरीला जायचं व्हतं. दोन तास गाडीत बसून आलेली. मग गेली मागं उसात. काठी टेकत. पाणी सोडलेलं, समदा चिखल. लुगडं भरलं तिचं. म्या जाळीतनं नुसती बघत व्हते."

इथं त्या हसल्या नाहीत.

आमच्या घरात दोन संडास आहेत. एक तर दारातून आत आल्यावर चार पावलांवर. पाहुण्यांसाठी म्हणून मी मुद्दाम बिल्डरकडून करून घेतला होता.

"जाताना म्हणली, घराची ओटी भरल्याबिगर कशी जाऊ? खण जाळीतनं आत दिला. ह्यो बघ." देवापुढं हिरवा खण होता. "नारळ काय आत येईना. मग उंबऱ्यावरच ठेवला, उंबऱ्याचीच ओटी भरली. त्यांच्या दारातल्या झाडाचा हाय. घेतलास न्हवं आत?"

"घेतला," मी म्हणाले. "गाडीपाशी ठेवलाय. आणते."

बाहेर येऊन मी मागच्या रानाकडं पळाले. अजून उजेड होता. चारीच्या कडेनं चपला हातात घेऊन बरंच आत गेले. उसाची पानं तोंडाला कापत होती. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत पसरलं होतं. नारळ कुठं गेला ते कळायला मार्ग नव्हता. एका ठिकाणी चिखलात काठीची भोकं दिसली, शेजारी अनवाणी पावलं. मी तिथून मागं फिरले.

गाडी काढली, चौकातल्या किराणा दुकानातून एक नारळ घेतला, कुंकू लावून घरात नेला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, जरा वेळ फिरवून बघितला आणि देवापुढं खणावर ठेवला.

रात्री नवऱ्याला सांगितलं. नारळाचं सोडून सगळं. तो जेवता जेवता थांबला. मला वाटलं, आता म्हणेल की कुलूप तू निवडलंस. तो म्हणाला, "मावशीनं मला कडेवर घेऊन वाढवलंय. सुट्टीत मी तिच्याकडंच असायचो." एवढंच. मग ताट तसंच ठेवून उठला आणि पर्समधून तिसरी किल्ली काढून आईच्या उशापाशी ठेवून आला. सकाळी ती किल्ली परत माझ्या पर्सवर होती. सासूबाई म्हणाल्या, "नगं बाबा. हरवली तर समदं कुलूप बदलावं लागतंय म्हणं."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि त्याच दुकानात गेले. अख्खं कुलूप बदलायची गरजच नव्हती. किल्ली ज्यात फिरते तो मधला पितळी तुकडा तेवढा बदलायचा. बाहेरून किल्ली, आतून मूठ. मार्क तोच, मजबुती तीच. सुतारानं एक स्क्रू काढला, जुना तुकडा ओढला, नवा सरकवला. मी चहा टाकला होता, तो उकळायच्या आत काम झालं. खिडकीच्या ज्या बाजूनं मुठीपर्यंत हात पोचेल तिथं त्यानं एक जाड पत्र्याची पट्टी मारली. एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, "चालेल की. बिल ठेवा." मग म्हणाला, "घरात ज्येष्ठ कुणी असतं का? मग आतून उघडणारंच बरं. मागं सांगितलं असतंत तर तेच सुचवलं असतं." मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आक्कांच्या मळ्यावर गेलो. वाटेत निमगाव केतकीला पानं घेतली, आक्का पान खातात म्हणून. त्यांच्या दारात खरंच नारळाचं झाड होतं, आणि त्याच्याखाली बाज टाकून त्या बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी वाकून पाया पडले आणि तशीच खाली त्यांच्या पायाशी बसले.

"मावशी, त्या दिवशी फार चुकलं माझं."

"काय चुकलं? कुलूप लावावं लागतंय बाई गावात. चोऱ्या लई झाल्यात."

"तुम्हाला दारातनं माघारी जावं लागलं."

"कुलूप व्हतं म्हणून तर दोन तास बसले. उघडं असतं तर च्या पिऊन उठले असते." त्या हसल्या. वरच्या दातांत फट होती. "आमी दोघी लगीन झाल्यापसनं अशा बसलोच नव्हतो. कोण ना कोण मधी असतंयच."

त्यांनी असं बोलून मला सोडवलं, आणि मला ते सोसेना. मी एकदम म्हणून टाकलं, "मावशी, तुम्ही ठेवलेला नारळ मी फेकून दिला. चारीत. मला वाटलं कुणी करणी केली."

आक्कांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. सासूबाईंनी त्यांची पाठ चोळली. "करणी! म्या करणी केली व्हय गं!" त्या परत परत म्हणत होत्या. घरातून सून बाहेर आली, तिलाही सांगितलं. सगळे हसत होते. नवरा माझ्याकडं बघत होता, त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बाजेवर बसून पानाला चुना लावत म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. हितल्या नारळाची शेंडी अशी कुणी भादरत न्हाय. दुकानातला व्हता त्यो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी पळत गेलीस. पाय चिखलानं भरल्यालं. काय बोलायचं?"

निघताना आक्कांनी माझी ओटी भरली. नातवाला झाडावर चढवून ताजा नारळ काढायला लावला. मी म्हणाले, "आता तुम्ही परत या. दार उघडंच असेल." त्या म्हणाल्या, "येते की." पण त्याच थंडीत त्यांचा गुडघा धरला आणि एसटीची पायरी चढणं बंद झालं. त्या काही परत आल्या नाहीत. आम्हीच जातो, महिन्या-दोन महिन्यांनी. आमचं घर त्यांनी आतून पाहिलेलं नाही. मी फोनवर व्हिडिओ काढून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "व्हय, असंच दिसलं व्हतं."

आता दार आतून कुणालाही उघडतं. मूठ फिरवायची, बस्स. मला वाटलं होतं, मूठ बसली की सासूबाई पहिल्यासारख्या बाहेर पडतील, रानात जाऊन बसतील. पहिले काही दिवस त्या दारापाशी गेल्याच नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय करायचंय बाहीर?" पोपटाचेही फोन बंद झाले. मग एक दिवस लॅबमध्ये असताना त्यांचा फोन आला. हल्ली मी तो वाजल्याबरोबर उचलते, समोर कुणीही असलं तरी.

"भाजीवाली आलीया," त्या म्हणाल्या. "दार उघडू का?"

"आई, विचारता काय? उघडा ना."

"न्हाय, विचारल्यालं बरं. तुमचं इम्याचं काय काय असतंय."

तेव्हापासून रोज विचारतात. शेजारची बाई हळदीकुंकवाला बोलवायला आली, उघडू का? कचऱ्याची गाडी आली, उघडू का? मी कितीदा सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं. त्या मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी परत फोन. त्यांच्या आवाजात टोमणा नसतो, तो असता तर मला उत्तर देता आलं असतं.

परवाही फोन आला. माझ्या हातात एका आजोबांच्या दंडाला बांधायची पट्टी होती. फोन खांद्यानं कानाशी धरला.

"उघडू का?"

"उघडा, आई."

त्या फोन बंद करायला विसरल्या असाव्यात. मूठ फिरल्याचा आवाज आला, दांडा मागं सरकला, दार करकरलं. मग भाजीवालीचा आवाज, "काय म्हातारे, आज उशीर केलास?" आणि सासूबाई म्हणाल्या, "आगं, सुनंला इचारत व्हते. मेथी कशी दिलीस?" दोघी मेथीवरून भांडायला लागल्या. मेथी जून आहे, जुडी बारीक आहे, कालची आहे. मग भाजीवालीच्या पोरीची गोष्ट निघाली, तिचं लगीन कुठं ठरतंय याची. सासूबाई कुठल्यातरी पाव्हण्यांचं नाव सुचवत होत्या.

आजोबांनी विचारलं, "झालं का हो?"

मी म्हणाले, "एक मिनिट," आणि पट्टी धरून तशीच ऐकत उभी राहिले.